एडवर्ड राजाची लपवलेली राणी

बर्फाने भरलेल्या पार्किंग लॉटमध्ये आश्लेषाची गाडी ढिम्म हलेना. अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये गाड्यांचे इंजिनिअर पैशाला पासरी, पण त्या संध्याकाळी मदतीला आला तो एकच. हातात जंपर केबल, नाकाचा शेंडा लालबुंद.

"बॅटरी गेलीय. तुम्हीपण रिहर्सललाच ना?"

"हो. मी एलिझाबेथ."

"मग मी तुमचा नवरा..." तो म्हणाला आणि लगेच ओशाळला. "म्हणजे – नाटकात! राजा एडवर्ड. एरवी सिद्धेश."

आश्लेषा खळखळून हसली. किती दिवसांनी, ते तिचं तिलाच आठवेना.

मराठी मंडळाच्या गणपतीसाठी रवींद्रकाकांनी नाटक लिहिलं होतं. पंधराव्या शतकातला इंग्लंडचा तरणाबांड राजा वयाने मोठ्या, विधवा एलिझाबेथवर भाळतो आणि एक मेला गुपचूप तिच्याशी लग्न करतो. इकडे दरबार त्याच्यासाठी फ्रान्सच्या राजाची मेहुणी बघत असतो! आश्लेषाचा नवराही चार वर्षांपूर्वी गेलाय, हे भूमिका वाटताना काकांच्या लक्षातच राहिलं नाही. बोलून बसले आणि मग जीभ चावली. तीच म्हणाली, "असू दे काका, मी करते."

मंडळाच्या तालमी फेब्रुवारीपासून चालतात. त्यात तालीम कमी आणि बटाटेवडे जास्त. राजा तालमीत राणीकडे बघायचा ते ठीक. तालीम संपल्यावरही बघत राहायचा, ते मात्र स्क्रिप्टमध्ये नव्हतं. आश्लेषाही बघू द्यायची.

एक मेला दोघांनी कोर्टात सह्या केल्या. तारीख निवडली सिद्धेशनेच, लबाड कुठला!

"आईला फोनवर नाही सांगणार. सप्टेंबरमध्ये येतेय ना... समोर बसून सांगतो."

आई येऊन तीन आठवडे झाले. सिद्धेश रोज समोर बसत होता आणि रोज नुसताच चहा पीत होता.

प्रयोगाच्या दिवशी रत्नाकाकू, म्हणजे सिद्धेशची आई, मेकअप रूममध्ये आश्लेषाच्या मखमली झग्याच्या नाड्या बांधत होत्या.

"किती गोड दिसतेस गं! सिद्धेशसाठी नागपूरची मुलगी बघितलीय. उद्या व्हिडिओ कॉल आहे. तू जरा समजाव त्याला, तुझं ऐकतो."

नाड्या बांधून होताच आश्लेषा बाहेर पडली. तिने सिद्धेशला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"उद्या कॉल आहे म्हणे."

"सांगणारच आहे यार... आज शो होऊ दे –"

"रोज काहीतरी होऊ दे असतं तुझं. नवऱ्याशिवाय जगायला मी एकदा शिकलेय, सिद्धेश. परत जमेल. लपून राहायला नाही जमत. आज नाही सांगितलंस, तर मी एकटी घरी जाईन... कायमची."

तिसरी घंटा झाली.

दरबाराचा प्रवेश आला. सरदार झालेल्या सुमंतने विचारलं, "महाराज, फ्रान्सला होकार कळवू ना?"

आता राजाचं वाक्य – 'मी विवाहित आहे.' सिद्धेश गप्प. रवींद्रकाकांनी आतून दोनदा वाक्य दिलं. तरी गप्प. आश्लेषा विंगेतून सगळं बघत होती. याला नाटकातही बोलवत नाही, हे तिला फार लागलं.

तेवढ्यात तो स्टेजच्या कडेला आला. "आई... उद्याचा कॉल कॅन्सल कर. मी लग्न केलंय. एक मेला. आश्लेषाशी. घाबरलो म्हणून सांगितलं नाही. चूक माझी आहे, तिची नाही."

हॉलमध्ये शिट्ट्या, टाळ्या. लोकांना वाटलं, काकांनी काय झकास लिहिलंय! तिसऱ्या रांगेतली एक खुर्ची मात्र रिकामी झाली. सुमंत बिचारा वेळ काढायला फ्रान्सला शिव्या घालत सुटला.

बाजूच्या दारातून रत्नाकाकू विंगेत आल्या. चेहरा लाल.

"खरंय हे?"

"हो, काकू."

"पाच महिने! माझ्या मुलाच्या लग्नाला मी नव्हते. हा राग लवकर जायचा नाही, सांगून ठेवते."

"कळतंय मला..." आश्लेषाचे डोळे वाहू लागले.

"महाराणींना बोलवा!" सुमंत तिसऱ्यांदा ओरडला. तिचं पाऊल उचलेना.

रत्नाकाकूंनी तिचं पसरलेलं काजळ पदराने टिपलं, जरा जोरातच.

"जा आता. माझी सून एंट्रीलाच अडखळली, असं मंडळात कोणी म्हणायला नको."