उंबऱ्यापाशी थांबणारी बाई

दिवा असू दे तसाच, विझवू नका. सांगते.

त्या दुपारी लेकीची औषधं घेऊन मी जिना चढले, तर दारात एक बाई उभी. करडी शाल, अंगाला ओल्या मातीचा मंद वास. तिनं पाणी मागितलं. मी म्हटलं, आत या.

म्हणणारच. लेक अंथरुणाला खिळली तेव्हाच मी व्रत धरलं होतं, की ती बरी होईपर्यंत दारी आलेल्या कुणालाही परत पाठवायचं नाही. देव कोणत्या रूपात येईल, कुणी सांगावं?

बाई लेकीच्या उशाशी बसली, तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. लेक कितीतरी दिवसांनी हसली. मला वाटलं, देव पावला. पाण्याचा पेला मात्र तसाच भरलेला राहिला.

मग ती रोज दिवस कलताना येऊ लागली. दार सताड उघडं असलं तरी उंबऱ्यापाशी थांबायची. मी 'या' म्हटल्यावरच पाऊल आत टाकायची. तिची ही रीत मला फार आवडली. इकडे लेक मात्र फिकी पडत चालली. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी होतंय, पण जातंय कुठे ते कळत नाही.

माझी नणंद कॉलेजात भयकादंबऱ्या शिकवते. घरात आम्ही तिला भुतांची मास्तरीण म्हणतो. भाचीला बघायला ती आली, तेव्हा मी त्या बाईचं कौतुक सांगितलं. ती हसून म्हणाली, माझ्या पुस्तकांतले रक्तपिपासू तुझ्याकडे सुखानं नांदतील. मग तिनं भाचीची पांढरी पडलेली नखं पाहिली आणि तिचं हसू मावळलं.

"वहिनी... बोलावल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडता येत नाही. आज 'या' म्हणू नकोस."

"पोरीसाठी धरलेलं व्रत मोडू?"

"पोरीसाठीच मोड."

ती डॉक्टरांना आणायला धावली. मी दाराला कडी घातली, देवाची क्षमा मागितली. तेव्हाही वाटत होतं, तो समजून घेईल, सारं नीट होईल.

दिवस कलला. दारावर हलकेच टकटक झाली. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले. फटीतून ओल्या मातीचा वास आत येत होता. आणखी एकदा टकटक. मग बाहेरून आवाज आला. बाईचा नव्हे, माझ्या लेकीचा.

"आई... मला आत घे ना. थंडी वाजतेय..."

मी वळून पाहिलं. काल मीच 'या' म्हटलं होतं; बाई परत जाताना मात्र मी पाहिलीच नव्हती. खोलीतल्या पलंगावर पांघरूण डोक्यापर्यंत ओढलेलं होतं. आणि पोटभर जेवून निजलेल्या माणसासारखं, त्याखाली कुणीतरी संथ श्वास घेत होतं.