तिसऱ्या कमानीनंतर डावीकडे

गेली सव्वीस वर्षं मी ग्वानाहुआतोत बस चालवतो. गावाबाहेरच्या बसस्थानकावरून माणसं उचलायची, डोंगराच्या पोटातून गावाखालच्या रस्त्यावर आणायची आणि तिथल्या थांब्यांवर उतरवायची. वर गावात जायच्या पायऱ्या ज्याने त्याने शोधायच्या. हा खालचा रस्ता म्हणजे पूर्वीची नदी. नदी वळवली, वर कमानी बांधल्या, पण ओल काही गेली नाही. माझ्या गुडघ्यांना विचारा.

त्या आठवड्यात गुडघे जास्तच कुरकुरत होते आणि झोपही उडाली होती. गुरुवारी माझी मुलगी यादिरा येणार होती, अकरा वर्षांनी, शिकागोहून. तिची आई गेली तेव्हा तिला येता आलं नाही आणि मी फोनवर नको ते बोलून बसलो. मग वर्षभर अबोला. आता ती कायमची येत होती. तिची खोली मी माझ्या हाताने पिवळी रंगवली होती. तिच्याशिवाय घर खायला उठतं, हे मात्र तिला सांगायचं राहिलंच होतं.

मंगळवारी पावणेबाराच्या सुमारास खालच्या थांब्यावर एक बाई उतरली आणि वळसा घालून माझ्या खिडकीशी आली. साठीची, काळी शाल, पायांत चकचकीत पॉलिश केलेले बूट, हातात निशिगंधाचा मोठा जुडगा.

"ओ ड्रायव्हरदादा, सान रोकेच्या देवळाकडे कुठून चढायचं? माझ्या गेलेल्या भावासाठी बारा वाजता मिस्सा आहे हो, प्रार्थना."

मला माहीत असलेल्या पायऱ्या दुरुस्तीसाठी बंद होत्या. दुसऱ्या कुठल्या, ते आठवेना. मागून हॉर्न वाजत होते, डोळे मिटत होते. पण 'माहीत नाही' असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही. वाट विचारणाऱ्याला तसं सांगणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. लहानपणापासून हेच शिकलोय आम्ही.

"सरळ जा, तिसऱ्या कमानीनंतर डावीकडे. पाचच मिनिटं," मी म्हणालो.

"देव तुमचं भलं करो."

पुढे तिसरी कमान ओलांडताना मी पाहिलं. डावीकडे नुसती दगडी भिंत होती. सापडतील तिला पायऱ्या कुठेतरी, असं म्हणून मी गिअर बदलला.

बुधवारी त्याच वेळी ती मला पुन्हा दिसली. भिंतीकडेच्या अरुंद फुटपाथवरून तिसऱ्या कमानीकडे चालली होती. मी ब्रेक मारला.

"बाई, देऊळ सापडलं का?"

"आलंच की दादा. पाचच मिनिटं राहिलीत." ती हसली. फार दमलेली दिसत होती. निशिगंधाच्या मिटल्या कळ्या तशाच ताज्या होत्या. बुटांचे तळ मात्र झिजून टोकाशी फाटले होते आणि त्यांतून पायाची बोटं दिसत होती.

स्थानकावर पोंसियानो भेटला. माझ्याच मार्गावर बस चालवतो, माझ्याएवढाच जुना.

"काय रे, तिसऱ्या कमानीनंतर डावीकडे वाट आहे का?" मी विचारलं.

"आहे की!"

"तू पाहिलीयस?"

"नाही. पण असणारच. असं काय बघतोस? बघ हं फिदेन्सियो, मुलगी यायच्या आधीच तुला वेड लागायचं."

मी हसलो नाही. चूक माझी होती आणि ती मला खात होती. उद्या बाई दिसली तर बसमध्ये घ्यायची आणि थेट वर नेऊन सोडायची, असं मी ठरवलं.

गुरुवारी सकाळच्या फेरीला ती दिसली. पण एकटी नव्हती. तिच्यामागून पाठीवर पिंजऱ्यांची उतरंड घेतलेला एक पाखरंवाला चालत होता. त्याला मी ओळखलं. दोन वर्षांपूर्वी त्याने मला बाजाराची वाट विचारली होती. तेव्हाही मी असाच दमलेलो होतो. तेव्हाही मी हेच सांगितलं होतं.

पिंजऱ्यांतली पाखरं चिवचिवत होती. त्याने मला ओळखून टोपी उचलली. मी बस थांबवायला हवी होती. माझा पाय ब्रेकवर गेलाच नाही. मी घाबरलो होतो.

वर उजेडात आल्याबरोबर यादिराला फोन लावला. तिची बस साडेबाराला येणार होती.

"स्थानकावरच थांब. मी घ्यायला येतो. कुणाला वाट विचारू नकोस."

"अहो पप्पा, मी इथलीच आहे. हरवतेय की काय?"

"ऐक माझं, पोरी."

"बरं बाबा, थांबते. तुमचा स्वभाव काही बदलला नाही!" ती हसत होती. आता सांगावं, की तुझ्यावाचून करमत नाही. पण भेटल्यावर सांगू म्हटलं.

बाराला वीस मिनिटं असताना मी बस घेऊन पुन्हा खाली उतरलो. पहिली कमान गेली. फोन वाजला.

खाली फोन लागत नाही. सव्वीस वर्षांत कधी लागलेला नाही.

"पप्पा, बस लवकर आली. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास? टॅक्सीने आले, खालीच उतरले. आपल्या पायऱ्या बंद आहेत वाटतं."

"यादिरा, आहेस तिथेच उभी राहा!"

"अहो, सापडली वाट. एक बाई भेटल्या. किती छान निशिगंध आहेत त्यांच्याकडे! त्या म्हणाल्या, सरळ जा आणि—"

फोन बंद झाला.

तिसऱ्या कमानीपाशी मी बस उभी केली. मागून हॉर्न सुरू झाले. बसमधली माणसं ओरडू लागली. मी उतरून डावीकडे धावलो.

भिंत. ओली. निशिगंधाचा वास.

"यादिरा!"

मी दगडाला कान लावला. आत फरसबंदीवरून चाकांची बॅग खडखडत लांब चालली होती.

मग ती थांबली. कुणीतरी काहीतरी विचारलं असावं.

माझ्या मुलीचा आवाज आला, दमलेला, पण अगदी अदबीचा.

"सरळ जा, मग डावीकडे. पाचच मिनिटं."