तोकडा डा

देवळाली कॅम्पात यादवकाकांच्या दुकानात लष्कराचं जुनं सामान मिळायचं. १९९८ चा मे महिना. तिथल्या ढिगातल्या हेडफोनचा एक कान माझ्या हातात होता... आणि दुसरा एका मुलाच्या.

“मी आधी बघितला!”

“बघितला असशील. धरला मी.”

“तुला कशाला हवाय? आहेत की एवढे मोठे कान!”

तो हसला. हेडफोन त्याच्या बोटांतून आपोआप निसटला. मला वाटलं, मी जिंकले!

मयूर माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राहणारा. तो हौशी रेडिओवाला होता, घरातल्या यंत्रावरून दूरदूर संदेश पाठवणारा, सरकारी लायसन्सवाला! मलाही ते हवं झालं. दर रविवारी नाशिकरोडहून मी त्याच्याकडे मोर्स शिकायला जाऊ लागले. डिट म्हणजे टिंब, डा म्हणजे रेघ. तो मोर्सचं बटण, म्हणजे की, दाबायचा, मी अक्षरं लिहायचे.

त्याला स्नायूंचा आजार होता आणि तो वाढतच जाणार होता. औषध नव्हतं. त्याच्या आईने, ललिताकाकूंनी, पोह्यांची बशी देता देता मला हे सांगितलं आणि लगेच विचारलं, “मीठ जास्त नाही ना पडलं?”

“एकदा मला हवेत मोर्स पाठवू दे ना,” मी मयूरच्या मागे लागायचे.

“लायसन्स नाही तोवर नाही.”

“पोलीस आहेस का रे तू?”

“लवकर पास हो, तृप्ती. माझी बोटं चालतायत तोवर... तुझ्याशी हवेतून बोलायचंय.”

मुंबईला लायसन्सच्या परीक्षेत मोर्सची टेप लागली आणि मी थिजले. प्रत्येक डा लांब, स्वच्छ, ठाम. एक अक्षर लागेना! मयूरचं बोट कीवरून घसरायचं, त्याचा डा तोकडाच पडायचा आणि वर्षभर मी तोच ऐकत आले होते.

“अभ्यास केला नाही,” मी त्याला सांगितलं.

“खोटं. माझी सगळी अक्षरं येतात तुला.” तो थांबला. “माझीच येतात... हो ना?”

“हो.”

“म्हणजे माझा हात बिघडलाय. आणि मला कुणी बोललं नाही. तूसुद्धा.”

“मला आवडतो तो. बिघडलेला. आणि—तूपण.”

खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्या दिसत होत्या. त्याने तिकडे तोंड फिरवलं. मग त्याने एक कॅसेट माझ्याकडे सरकवली.

“ही ऐक. स्वच्छ मोर्स आहे. इथे येऊ नकोस. माझं ऐकत बसलीस तर परत नापास होशील.”

सहा महिने कॅसेट ऐकली. रडत ऐकली, पण पास झाले! मग लायसन्ससाठी पोलीस चौकशी. हवालदार आईला म्हणाले, “पोरगी रेडिओवर बोलणार कुणाशी?” आई म्हणाली, “ते तिलाच विचारा.” लायसन्स आलं तेव्हा मी अकरावीत होते आणि मयूरला चमचाही धरवत नव्हता.

ललिताकाकूंना फोन करून वेळ ठरवली. हात चालत होता तेव्हाच मयूरने चिठ्ठीत काढून दिलेल्या आकृतीवरून मी जेवणाच्या डब्यात छोटा ट्रान्समीटर-रिसीव्हर जोडला होता, गच्चीवर तार ताणली होती. रविवारी सकाळी दहाला मी त्याची कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख, पाठवली, मग माझी.

काहीच नाही... आणि मग त्याचा मोर्स आला. काकूंनी की त्याच्या तळहाताखाली धरली असणार. डा जवळजवळ डिटएवढेच. अक्षरांमध्ये एवढी मोठी फट, की वाटे, संपलं.

मध्येच तिसरंच कुणाचं तरी स्टेशन घुसलं, खणखणीत मोर्समध्ये: वाचता येत नाही. प्रसारण बंद करा.

मी पाठवलं: मला येतंय. चालू ठेव.

मयूर रोमन अक्षरांत मराठी पाठवत होता. मला... पण... तू... आवडतेस... एवढ्याला अकरा मिनिटं लागली. मी पुसट पेन्सिलीने लिहीत होते, कागद ओला होत होता.

मग आलं: हात दुखतोय. थांब म्हणू नको.

मी थांब म्हटलं नाही.