कोठीचा डोळा

कारंज्याच्या बाजारात गुलाबराव मिस्त्रींचं पत्र्याचं दुकान. धान्याच्या कोठ्या, पेट्या, कुलरच्या टाक्या. दिवसभर मोगरीची ठोकठोक अशी, की शेजारचा टेलर गिऱ्हाइकाशी खुणांनीच बोले. लखीराम इथंच कातर धरायला शिकला, इथंच त्याच्या मिशा पिकल्या. मिस्त्री थकले की दुकानाची किल्ली आपलीच, हे त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं. बायकोलाही सांगून टाकलं होतं, म्हणजे बघा.

आणि मग आला संघदीप. आयटीआय शिकलेला, बोलायला गोड, हात त्याहून गोड. त्याचा सांधा असा बसे की पत्रा जोडलाय हेच कळू नये. मिस्त्री त्यावरून अंगठा फिरवत आणि गप्प राहत. लखीरामच्या सांध्याला मात्र "बरा हाये" म्हणत. त्या गप्प राहण्यानं लखीरामचा जीव जळून जाई. भाकर गोड लागेना.

"आता माह्याच्यानं होत नाही," मिस्त्री एक दिवस म्हणाले. "दोघंबी एकेक कोठी करा. जिले डोळा नाही निघाला, त्याची किल्ली."

डोळा म्हणजे पत्र्यातलं बारीक भोक. ते शोधायची दुकानाची रीत होती. माणूस कोठीत बसवायचा आणि वरून झाकण लावायचं. कुठं भोक राहिलं असेल तर आतल्याला अंधारात उजेडाचा ठिपका दिसतो. या वेळी एकाच्या कोठीत दुसऱ्यानं बसायचं ठरलं.

कोठ्या तयार झाल्या. संघदीप जेवायला गेला तेव्हा लखीरामनं त्याच्या कोठीच्या मागच्या अंगाला खिळा टेकवला आणि मोगरी हाणली. एकच ठोका. त्याच क्षणी त्याच्या उजव्या डोळ्यात कळ आली. कीस उडाला असेल म्हणून त्यानं डोळा धुतला आणि समोरच्या टपरीवर जाऊन बसला.

चहा घेताना त्यानं डावा डोळा चोळला, तर रस्ता दिसेनासा झाला. एसटी गेली तिचा नुसता आवाज आला. उजव्या डोळ्यात मिट्ट काळोख होता.

मग त्या काळोखात वरून उजेड पडला. फडकं धरलेला एक हात आत उतरला आणि पत्रा पुसत पुसत त्याच्याकडे येऊ लागला.

लखीरामनं दचकून डावा डोळा उघडला. पलीकडे दुकानात संघदीप आपल्या कोठीत वाकून फडकं मारत होता.

"चेहरा काहून उतरला, भाऊ?" लखीराम परत आला तसं संघदीपनं विचारलं.

"कीस गेला डोळ्यात." त्याची आपुलकीसुद्धा लखीरामला टोचली.

लखीराम संघदीपच्या कोठीत उतरला. "डोळा दिसला की सांग," मिस्त्री वरून म्हणाले. "लोखंड तापूनच राह्यलं, आत्ता डाख देऊन बंद करतो." झाकण लागलं.

ठिपका नव्हता.

भोक कुठं पाडलंय हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? त्यानं चाचपडत बोट नेलं. भोक तिथंच होतं. बोट ओलं झालं.

भोक मिटलं.

आणि लखीरामचा उजवा डोळा झोंबला, कोणी बोट घातल्यासारखा.

"हाये का रे डोळा?"

बाहेर शेगडीत डाख द्यायचं लोखंड सरकवल्याचा आवाज आला.

"नाही," लखीराम म्हणाला. "पक्की हाये, मिस्त्री."

लखीरामच्या स्वतःच्या कोठीला मात्र तळाशी खराच डोळा निघाला. लक्ष कुठं होतं त्याचं! किल्ली संघदीपला गेली. "तुमी खरं बोलले, भाऊ," म्हणत पोरगा पाया पडला, तेव्हा लखीरामला त्याला लाथ घालावीशी वाटली. संध्याकाळी जगदेव नावाचे शेतकरी संघदीपची कोठी गाडीत टाकून धनजला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून लखीरामच्या उजव्या डोळ्यातून पाणी थांबेना. तो उशिरानं दुकानात आला. मिस्त्री एकटेच बसले होते. शेगडी विझलेली होती.

"संघदीप कुठी गेला?"

"धनजले, डाखाचं लोखंड घेऊन. जगदेवभाऊचा फोन आलता. तूर भरायच्या आधी त्यायनं कोठीत पाणी टाकून पाह्यलं, तर मागून गळून राह्यलं म्हणे." मिस्त्रींनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तुले कसा नाही दिसला रे तो डोळा?"

लखीराम उत्तर देणार होता. पण उजव्या डोळ्यात वरून उजेड पडला. झाकण उघडलं होतं. संघदीपचा चेहरा खाली वाकला, डोळे बारीक करून शोधू लागला, आणि सापडल्यासारखा हसला.

मग त्यानं कोणाला तरी हात केला, लोखंड द्या म्हणून.