भेगेवरची काच

वाचनालयाच्या जुन्या जिन्यावरचा कोरीव दगड सकाळी निखळला आणि पहारेकऱ्याच्या पायावर पडला. त्याला दवाखान्यात हलवलं, पाठोपाठ इमारत-निरीक्षक हजर झाले.

दगडामागून खाली जिन्यापर्यंत भिंतीत भेग गेली होती. निरीक्षकांचं बोट तिच्यात सहज शिरलं. त्याच भेगेवर आडवी डकवलेली काचेची पट्टी मात्र धडधाकट होती.

हे काही त्यांना पटेना. जुन्या भिंतीला खेटून नवं बांधायचं, तर आधी भेगांवर अशा पट्ट्या लावतात. भेग केसभर सरकली तरी काच तडकते आणि काम थांबवावं लागतं. इथे भेग बोटभर फाकली होती, आणि काचेवर साधा चराही नव्हता. म्हणजे पट्टी मागाहून कोणीतरी बदलली होती.

शेजारी नवं काचेचं दालन जुन्या दगडाला टेकून, नव्या जावयासारखं ऐटीत उभं होतं. त्याच्या वास्तुविशारदाला कामगार काचोबा म्हणत.

"काम थांबलं तर नुकसान तुमचं," निरीक्षक त्याला म्हणाले.

"माझं कसलं? भिंत हलली तर जुनं पाडून सगळंच नवं बांधायचं, असा ठराव आहे. मला तर दुप्पट काम मिळेल."

"पट्ट्या कोणी लावल्या?"

"माझ्या माणसांनी," कंत्राटदार पुढे आला. "सूक्ष्मदर्शकाच्या सपाट काचा, दोन्ही टोकांना प्लास्टर. पुढे रोज बघायचं काम बाईंचं. जिन्याला कुलूप असतं. किल्ली त्यांच्याकडे आणि पहारेकऱ्याकडे."

बाई म्हणजे ग्रंथपाल. लहानपणी निरीक्षक याच जिन्यावर बसून वाचायचे, आणि वेळ संपली तरी बाई त्यांना उठवत नसत. जुनी इमारत टिकावी म्हणून नव्या दालनाला पहिला होकार त्यांनीच दिला होता.

"दगडापेक्षा वीट मऊ म्हटलं," आपल्या खोलीत पाणी पुढे करत त्या म्हणाल्या. "शेजारी काच आली तर आली, घर तर राहील. पहारेकरी कसा आहे रे?"

"पाय वाचेल म्हणतात."

टेबलावर फाटकी पुस्तकं आणि खळीचं भांडं होतं. मागच्या जुन्या कपाटाच्या एका दारात काचेऐवजी पुठ्ठा बसवला होता. निरीक्षकांची नजर त्या पुठ्ठ्यावर थांबली. ते पुन्हा जिन्याकडे गेले आणि पट्टीपाशी बराच वेळ वाकून उभे राहिले.

मग त्यांनी तिघांनाही तिथेच बोलावलं.

"ही काच सपाट नाही, लाटालाटांची आहे, आत बुडबुडे आहेत. जुन्या कपाटांना अशी असते. आणि टोकांकडे बघा."

पांढऱ्या ठिपक्यांशी मुंग्यांची रांग लागली होती.

"प्लास्टरला मुंग्या लागत नाहीत. ही पिठाची खळ आहे, वर खडूची पूड. पुस्तकं बांधायची खळ." ते बाईंकडे वळले. "बाई, तुम्ही असं का केलंत?"

"आधीची तडकली, म्हणून ही लावली," बाई शांतपणे म्हणाल्या. "वाटलं, शेजारचा पाया भरला की भिंत स्थिरावेल. तुला कळवलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"काम थांबवलं असतं."

"आणि यांनी हे पाडलं असतं."

"पहारेकऱ्याला सांगितलं होतंत?"

"नाही. रोज याच जिन्याने त्याला वर पाठवत होते मी." त्यांनी पदर तोंडाला लावला. "त्याच्या बायकोसमोर कुठल्या तोंडाने जाऊ रे?"

"टेकू देऊन काही होईल?" निरीक्षकांनी काचोबाला विचारलं. त्याने भेगेकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

खरं लिहिलं तर इमारत जाणार होती. न लिहिलं तर उद्या कोणाचा तरी जीव. निरीक्षकांनी हात टेकले. 'इमारत धोकादायक, प्रवेश बंद' असं लिहिलं, सही केली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि मोठ्या दाराला कुलूप घातलं.

नोटीस दाराला लावायची, तर पिशवीत डिंक सापडेना.

बाई बाहेर निघताना खळीचं भांडं घेऊन आल्या होत्या. ते त्यांनी पुढे केलं.

"ही लाव," त्या म्हणाल्या. "माझी खळ पक्की बसते."