चंदू आत येत नाही

भाचा म्हणून आलास तर आत ये, पाहुणा म्हणून आलास तर चहा घे, उंबऱ्यावर बसून "मावशी, लहू कसा हाय?" विचारायचं हे कुठलं वागणं? दमयंतीला चंदूचा राग यायचा तो ह्याच्यावरून. बहीण वारल्यावर तिनेच त्याला वाढवलेला. परळच्या बाजारात बोंबील-पापलेट विकून दोन्ही पोरांना एका ताटात जेवू घातलेलं. आणि आता हा परक्यासारखा दारात, मोसंब्यांची पिशवी पायाशी ठेवून.

"आत काय वाघ बसलाय?"

"नको मावशी. आत आलो की कसंतरीच होतं."

आत तिचा लहू उशांच्या ढिगाला टेकून बसलेला असायचा. आडवा झाला की गुदमरायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात लालबागच्या नाक्यावर दिव्याच्या खांबाला झेंडा बांधायला तो चढला होता, गोविंदात चढतात तसा, चंदूच्या खांद्यावर पाय देऊन. तिथून मानेवर आपटला. डॉक्टरांनी दमयंतीला समजेलसं सांगितलं होतं: मानेतली नस चेचली, तिच्या जोरावर हलणारा छातीखालचा पडदा लुळा पडला. म्हणून श्वास घेताना लहूचं पोट फुगायच्या ऐवजी आत जायचं. एका दमात एखादा शब्द. पडला कसा, हे त्याला कधी धड सांगताच आलं नाही. पाय घसरला, असं चंदू म्हणाला. दमयंतीने मानलं. घरचं पोर खोटं कशाला बोलेल?

एका दुपारी तिचं डोकं फिरलं. "चल, भावाला मोसंबं सोलून दे," म्हणत तिने चंदूला मनगट धरून आत ओढलं नि लहूशेजारी बसवलं.

खाली नळावर बायकांची भांडणं चालली होती. खोलीत मोसंब्याचा वास सुटला.

लहूचं पोट वर आलं.

दमयंती बघत राहिली. वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर. झोळीतल्या तान्ह्याचं हलतं तसं. लहू उशांवरून सरकत सपाट आडवा झाला, आणि गुदमरला नाही.

चंदूच्या हातून मोसंबं पडलं. त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या. सदरा पोटापाशी आत ओढला जात होता.

तो धडपडत दाराशी गेला आणि तिथे त्याने भसाभसा श्वास घेतला. मागे लहू तडफडत उठून बसला. ओठ निळे.

दमयंतीने चंदूला पुन्हा आणून लहूशेजारी बसवलं.

तेव्हा लहू बोलला. सबंध, एका दमात.

"मी घसरलो नव्हतो आये, लाठ्या निघाल्या तसा ह्याने खांदा काढला, मी हाका मारल्या, ह्याने वर माझ्याकडे बघितलं नि मग पळाला."

चंदूने तोंड उघडलं. बोलण्यापुरता दम त्याच्यात उरला नव्हता. मान तेवढी खाली गेली.

रोज दारात बसून, तिच्या तोंडाकडे बघून, तिनेच भरवलेल्या तोंडाने हा खोटं बोलत आला होता.

लहूचे डोळे मिटले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो पाठ टेकून झोपला होता. दमयंतीने उठून दाराला कडी घातली, पदर खोचला आणि चंदूसमोर फतकल मारून बसली.

"तो उठेपर्यंत जागचा हलायचं नाही," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आणि असा हावऱ्यासारखा श्वास ओढू नकोस, मेल्या. त्याला कमी पडतो."