परतीचा ठोका

नव्या खात्यात शिरण्याआधी इंतिसार दाराशी थांबायची, कानांत रबरी बोळे घालायची, डोक्यावरच्या रुमालाचं टोक कॉलरच्या आत खोचायची आणि गळ्यातलं कार्ड भिंतीवरच्या पेटीला टेकवायची. दार बाजूला सरकायचं. आत पांढरी फरशी, पांढरा उजेड आणि दोन्ही अंगांना साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, रांगा. इजिप्तमधल्या महल्ला अल-कुब्रातल्या या कापडगिरणीत, याच जागी, तिचा बाप शहाता जन्मभर विणत होता. पण जागा आता ओळखू येत नव्हती. जुने साचे कापून भंगारात गेले होते. तेलानं काळी झालेली जमीन उखडून नवी ओतली होती. खिडक्या बुजवल्या होत्या, कारण नव्या साच्यांना बाहेरची धूळ चालत नाही.

या साच्यांना धोटा नव्हता. बाण्याचा आडवा धागा हवेच्या झोतावर एका कडेकडून दुसऱ्या कडेला जायचा, इतका झपाट्यानं की डोळ्याला फक्त कापड पुढे सरकताना दिसायचं. प्रत्येक साच्यावर दिव्यांचा खांब. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे बाणा तुटला, लाल म्हणजे ताणा. पूर्वी जिथे खांद्याला खांदा लागायचा, तिथे आता एकटी इंतिसार हातात पाटीएवढा संगणकाचा पडदा घेऊन फिरत असे.

शिकवणी सुरू झाली तेव्हा बाकं भरलेली होती. इंजिनिअर विसाम तरुण होता, सभ्य होता, आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा. "यंत्राला हात लावायचा नाही. त्याला काय हवं ते तेच सांगेल. तुम्ही दिवे बघायचे."

"जन्म गेला विणण्यात," मागच्या बाकावरून एक उस्ता, जुना कारागीर, म्हणाला, "आता दिवे बघू? मग बाहेर चौकातला हवालदार आणा की, त्याला सवय आहे."

सगळे हसले. पुढच्या आठवड्यात त्यानं आणि त्याच्यासारख्या बऱ्याच जणांनी लवकर निवृत्ती घेतली. बाकं रिकामी होत गेली. इंतिसार कापडाच्या घड्या घालणाऱ्या घडीखात्यातून आली होती, तिला विसरायला फारसं काही नव्हतं. पडद्यावरच्या खुणा ती रात्रीचं जेवण जेवता जेवता घोकायची. घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं. आई आधीच गेली होती, भाऊ कुवेतला होता. या खात्यासाठी आपण अर्ज का केला, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. बापाची जागा होती, एवढंच. रमजानपर्यंत चाचणी होती. उत्पादन घटलं नाही तर ती इथेच राहणार होती. नाहीतर पुन्हा घडीखातं.

सगळं ती शिकली, पण एक सवय सुटेना. साच्यापाशी थांबली की तिचा तळवा आपोआप चौकटीवर जायचा.

जुन्या खात्यात आवाजच असा होता की हाक मारून उपयोग नसायचा. आणि विणणाऱ्याला मागून शिवायचं नाही, हा पहिला नियम, कारण त्याचे हात साच्यात असतात. म्हणून कुणाला नमाजाला जायचं असेल, सिगारेट ओढायला जायचं असेल, तर तो शेजाऱ्याच्या साच्याच्या लोखंडी चौकटीवर मुठीनं ठोके द्यायचा. शेजाऱ्याच्या तळव्याला ते कळायचे. तो चौकटीवर पंजा आपटून उत्तर द्यायचा, घेतले. त्या क्षणापासून जाणाऱ्याचे साचे त्याचे. परत आल्यावर जाणारा पुन्हा तसेच ठोके द्यायचा आणि आपले साचे परत घ्यायचा. तोवर शेजाऱ्यानं जागा सोडायची नाही, मग काही होवो.

ज्याचे त्याचे ठोके वेगळे. शहाताचे तीन होते. दोन लागोपाठ, आणि तिसऱ्याच्या आधी इतका वेळ की वाटावं, विसरला. घरीसुद्धा दूध गॅसवर ठेवून मशिदीत निघाला की तो स्वयंपाकघराच्या दारावर असेच ठोके द्यायचा. इंतिसार ओट्यावर पंजा आपटायची. मग दूध तिचं.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी त्यानं मुतवल्ली नावाच्या शेजारच्या विणकराच्या चौकटीवर ठोके दिले, मुतवल्लीनं उत्तर दिलं, आणि शहाता नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला गेला. नळापाशी भिंतीला टेकून बसला तो उठलाच नाही. त्याला उचलायला माणसं धावली, पण मुतवल्ली दोघांचे साचे सांभाळत उभा राहिला. "शहातानं अजून परत घेतले नाहीत," एवढंच तो म्हणत होता. शेवटी कुणीतरी वीज बंद केली.

नव्या खात्यात पहिले ठोके आले तेव्हा इंतिसार दारापासच्या साच्यावर पंजा ठेवून पडदा वाचत होती. तळव्याखाली यंत्राची बारीक, एकसारखी थरथर होती. त्या थरथरीतून वेगळंच काहीतरी वर आलं. तीन भरभर, एक जड.

तिनं हात काढला. रांगेत कुणी नव्हतं. काचेपलीकडे कापड तपासणारी रावया मान खाली घालून बसली होती.

तिनं विसामला बोलावलं. त्यानं थरथर मोजायचं उपकरण आणलं, चौकटीला लावलं, पडद्यावरची रेघ तिला दाखवली. रेघ एकसारखी होती, कुठेच उसळी नव्हती.

"बोल्ट ढिला असेल असं मला वाटलं," ती म्हणाली.

"यंत्राला हात लावू नकोस म्हटलंय ना, इंतिसार? हात खोटं सांगतो."

पण पुढच्या दिवसांत ठोके वाढले. एखाद्या साच्यावर घाईचे, एखाद्यावर दमलेले, एखाद्यावर थट्टेखोर, नाचरे. प्रत्येक वेगळा. ती उत्तर देत नसे. उत्तर आलं नाही की ठोके थोड्या वेळानं थांबायचे आणि दुसऱ्या साच्यावर सुरू व्हायचे, जणू कुणी एकेका शेजाऱ्याला विचारत पुढे चाललंय.

ती घाबरली असं म्हणता येणार नाही. सकाळी आल्यावर ती साऱ्या साच्यांवरून एकदा पंजा फिरवायला लागली, एवढंच. इतक्या ठोक्यांत तिला हवे होते ते नव्हते.

काचेपलीकडून रावयानं हे पाहिलं. चहाच्या वेळी ती म्हणाली, "काय गं, म्हशी विकत घ्यायला निघालीस का? सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवत असतेस!"

इंतिसार हसली. आपल्याला हसू आलं याचंच तिला बरं वाटलं.

शुक्रवारी ती मुतवल्लीकडे गेली. म्हातारा खिडकीशी खुर्चीत बसला होता. त्याच्या बायकोनं पुदिन्याचा चहा आणि भाजलेल्या बिया ठेवल्या आणि आत जाता जाता म्हणाली, "गुडघे धरलेत त्यांचे. तुझे बाबा गेले तेव्हापासून उंबरठा ओलांडला नाही."

ती आत गेल्यावर मुतवल्लीनं विचारलं, "ठोके येतात?"

इंतिसारनं अजून काहीच सांगितलं नव्हतं.

"येतात."

"उत्तर दिलंस?"

"नाही."

"देऊ नकोस. गेलेली माणसं आहेत. हातातलं काम टाकून गेलेली." त्यानं बियांची बशी तिच्याकडे सरकवली. "माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही, पोरी. दारापर्यंत चालत जातो मी. तिथून पुढे पाऊल उचलत नाही. तुझ्या बापाचे साचे भंगारवाल्यानं नेले, पण त्यानं माझ्याकडून परत कुठे घेतलेत?"

"बाबांचे ठोके तुम्हाला येतात का?"

"वाट बघतो." त्यानं चहाचा पेला खाली ठेवला. "ते आले तरी तू उत्तर देऊ नकोस. मी आहे ना."

ती घरी परतली. रस्ताभर त्याचं शेवटचं वाक्य तिच्या कानात राहिलं, आणि त्यात तिला माया ऐकू आली नाही. मत्सर ऐकू आला. तिचा की त्याचा, ते तिला ठरवता येईना.

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, खात्याच्या मधोमध एका साच्याचा दिवा पिवळा झाला. बाणा तुटला होता. ती गेली, धागा ओवला, बटण दाबलं. दिवा हिरवा झाला. सवयीनं पंजा चौकटीवर गेला.

दोन ठोके. लागोपाठ.

मग काहीच नाही.

ती उभी राहिली. कापड सरकत होतं. काचेपलीकडे रावया तागा उलटत होती. इंतिसारनं पंजा तसाच ठेवला. जुन्या स्वयंपाकघरातला दुधाचा वास तिला आला, करपायला आलेल्या दुधाचा.

तिसरा आला.

विचार करायला वेळ होता. नाही असं नाही. मुतवल्लीचा चेहरा तिला आठवलासुद्धा.

तिनं चौकटीवर पंजा आपटला.

त्यानंतर एकही धागा तुटला नाही. पाळी संपून वीज बंद होईपर्यंत खात्यात एकाही खांबावर पिवळा नाही, लाल नाही. विसाम पडद्यावरचे आकडे दोनदा बघून डोळे चोळत आला. "काय केलंस?"

"काही नाही. हात लावला."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत रावया दारातून आत डोकावून ओरडली, "चल गं, पावट्याची उसळ गार होतेय! आणि ऐक, म्हातारा मुतवल्ली आज बाजारात दिसला. सुके मासे घेत होता, येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम करत. लग्न ठरल्यासारखा!"

इंतिसार दाराकडे निघाली. उंबरठ्यापलीकडे तिनं पाऊल टाकलं आणि मागे सगळं शांत झालं.

कानांत बोळे असूनही ती शांतता तिला ऐकू आली. तिनं वळून पाहिलं. सगळे साचे थांबले होते. दिवे हिरवेच होते.

विसाम धावत आला. पडद्यावर बिघाड दिसत नव्हता. ती आत आली, त्यानं बटण दाबलं, साचे चालू झाले. ती बाहेर गेली, थांबले. त्यानं तिचं कार्ड बदललं. मग कार्ड काढूनच घेतलं. तिच्या जागी रावयाला उभं केलं. रावया आत उभी आणि इंतिसार बाहेर, आणि साचे गप्प.

"कसलीतरी नोंद बसलीय तुझी यंत्रणेत," विसाम म्हणाला. त्याचा आवाज शिकवणीतलाच होता, पण तिच्याकडे बघणं त्यानं टाळलं. "परदेशातून माणूस बोलावतो. तोवर ही मागणी पुरी करायची आहे. तू थोडी जास्त थांबशील? जेवण इथे आणून देऊ." मग त्यानं जरा मऊपणानं विचारलं, "घरी कुणी वाट बघतं का?"

"नाही."

"मग झालं."

रावयानं तिचा दंड धरला. "असं काय करतेस? नाही म्हण त्याला."

इंतिसारनं तिचा हात हळूच सोडवला. ती मधल्या साच्यापाशी गेली, चौकटीवर पंजा ठेवून उभी राहिली. खालून फक्त थरथर येत होती. आता बाकीचे कुणी ठोके देत नव्हते. मुतवल्ली सुटला होता, त्याच्याकडचे साचे तिच्याकडे आले होते. बाबा परत आले तर ठोके देऊन साचे परत घेतील, मग आपण सुटू. हे तिला माहीत होतं. आणि ते आल्याबरोबर जातीलही, कायमचे, हेही माहीत होतं. ते आज येऊ नयेत, असं तिच्या मनात आलं.

शनिवारी दोन सुतार आणि एक फिटर खुर्ची घेऊन आले. पाठ उंच होती, बैठकीला गादी होती. त्यांनी तिला काही विचारलं नाही. मधल्या साच्याशेजारी फरशीत भोकं पाडली, खुर्चीचे पाय बोल्टनं आवळले आणि हलवून पाहिलं. मग फिटरनं रंगाचा डबा उघडला आणि खुर्चीच्या पाठीवर शेवटच्या साच्याच्या पुढचा क्रमांक घातला.